रोशनीचा प्रोग्राम मेला नव्हता

रोशनी बावणेवर अन्याय झाला तो पाचव्या सेमिस्टरच्या मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला, मंगळवारी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी. वेळ पक्की माहीत आहे, कारण लॅबच्या भिंतीवरचं घड्याळ रोशनीच्या मशीनच्या बरोबर वर होतं आणि बाहेरून आलेले परीक्षक तिच्या स्क्रीनकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघत होते. त्यांचं जेवण एक वाजता येणार होतं. रोशनीचा प्रोग्राम बरोबर होता. बाकी अख्ख्या वर्गाचा चूक होता, त्यात माझाही आला. पास आम्ही झालो आणि फेल तिला केलं.

मुद्दा पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकला, ही पत्रकं लिहून लिहून लागलेली सवय. रस्त्यात हातात पडलेला कागद माणूस चार ओळी वाचतो आणि त्यात भजी बांधून घेतो, तेव्हा काय ते चार ओळींत. आमच्या संघटनेतले ज्येष्ठ म्हणतात की आठवणी म्हातारपणी लिहाव्यात, तोवर माणूस निवळतो. मला निवळायचं नाही. म्हणून केस काळे आहेत तोवर हे प्रकरण लिहून मोकळी होते.

आम्ही तेव्हा नागपूरच्या गांधीबागेत, कापडाच्या ठोक दुकानांच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. खाली दुकानं, मध्ये गोदामं, वर आम्ही. सकाळी दूधवाल्याच्या आधी हमाल यायचे. ठेल्यावरून कापडाचा गठ्ठा खाली पडला की धप्पकन आवाज व्हायचा आणि आमच्या फळीवरचे स्टीलचे डबे किणकिणायचे. पाहुण्यांना वाटायचं भूकंप झाला. आम्हाला वाटायचं, चला, दुकानं उघडली. बाबा खालच्याच एका दुकानात सेल्समन होते, दिवसभर गादीवर बसून थानं उलगडायचे. आई घरी साड्यांना पिको-फॉल करायची. तिचं मशीन खिडकीशी होतं आणि त्याचा तो किर्रर्र आवाज मध्येच थांबला की आम्ही समजायचो, एकतर दोरा तुटला किंवा गल्लीत कोणाचं तरी भांडण लागलं आणि आई ऐकून राहिली. मशीनच्या बाजूला साड्यांची चळत असायची. कोणती साडी कोणाची, हे आई चिठ्ठी न लावता लक्षात ठेवायची. वरून पहिली उद्याची, त्याखालची परवाची. त्या चळतीला हात लावायचा नाही, हा घरातला एकमेव कडक कायदा होता. बाकी सगळं चालायचं.

रोशनी दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. ती पारशिवनीकडच्या एका गावातली, धान पिकवणाऱ्या घरातली, आणि नागपुरात मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायची. तिथल्या डाळीत ताटाचा तळ दिसायचा म्हणे. आई तिच्यासाठी गोळाभात करायची, वर लसणाची फोडणी घातलेलं गरम तेल, बाजूला कढी. हिवाळ्यात सांबारवडी. इतर ठिकाणचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात त्याला आम्ही सांबार म्हणतो, आणि वडीच्या पोटात ती इतकी ठासून भरतो की पहिला घास घेतल्यावर बोलता येत नाही. रोशनी जेवताना एरवीही बोलायची नाही. ताटाकडे ती तशीच बघायची जशी स्क्रीनकडे बघायची. काही सुटायला नको.

"खा वं माय, लाजू नको," आई म्हणायची. "कम्प्युटरले डोकं लागते अन् डोक्याले तेल लागते."

"लाजून नाही राहिली मावशी," रोशनी तोंड रिकामं झाल्यावर म्हणायची. "हळूहळू खाऊन राहिली. लवकर संपलं तं तुम्ही विचारतान, आणखी देऊ का, अन् मी हो म्हणीन."

असेंब्ली हा विषय ज्यांच्या वाट्याला आला नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. बाकीच्या प्रोग्रामिंगमध्ये तुम्ही यंत्राला म्हणता, ही यादी घे आणि यात सात शोध. असेंब्लीत असं लाडाने सांगता येत नाही. इथे यंत्राचा एकेक हात धरून तो उचलायचा असतो. प्रोसेसरकडे आकडे ठेवायला मोजक्याच जागा असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात, आणि सगळ्यांची ओढाताण तेवढ्याच जागांवरून. एखादं नेहमीचं काम वेगळं काढून ठेवलं, की त्याला रूटीन म्हणायचं. हवं तेव्हा रूटीनला बोलवा, ते काम करेल आणि जिथून बोलावलं तिथे परत जाईल. भानगड होते ती परत जाताना. सुरुवात सगळ्यांना जमते. शेवट नीट करायला कोणी शिकवत नाही.

मला ते रोशनीने शिकवलं, एका रविवारी, आमच्याच घरी, आणि त्यासाठी तिने थेट आईच्या चळतीला हात घातला.

"हे पाह्य," ती म्हणाली. "मी रूटीन आहो. मले तुझ्या घरात काम करायचं आहे, पण जागा तं साऱ्या भरल्या आहेत. मंग मी काय करीन? तुझं सामान बाजूले ठेवीन." एकेक साडी काढून तिने पलंगावर एकावर एक रचली. हिरवी, मग जांभळी, मग लाल काठाची. "हे झालं पुश. आता जागा मोकळी. मी माझं काम केलं. आता जायच्या पह्यले तुझं सामान होतं तसं..."

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने पलंग बघितला आणि किंकाळीच फोडली. "माय वं! कोनाची कोनती होती आता? उद्या सकाळी बाया दारात येतीन!"

"मावशी, थांबा," रोशनी शांतपणे म्हणाली. तिने सगळ्यात शेवटी ठेवलेली लाल काठाची आधी उचलली, मग जांभळी, मग हिरवी, आणि चळत जशीच्या तशी उभी केली. आईने वरून खालपर्यंत बोट फिरवून खात्री केली. बरोबर होती. "हे झालं पॉप," रोशनी मला म्हणाली. "शेवटी ठेवलं ते पह्यले उचलायचं. अन् बाहेर पडाचं दार एकच ठेवायचं. काम झालं तरी त्याच दारातून, नाही झालं तरी त्याच दारातून. मधातूनच खिडकीतून उडी मारली तं साड्या पलंगावरच राहतात. अन् जाताना सांगून जायचं. झालं, का नाही झालं."

"अन् नाही झालं तं?"

"तं नाही झालं म्हणायचं. त्यात लाज कायची?"

हा तिचा मुद्दा होता आणि तिने तो प्रोग्रामला लावला होता. काम फत्ते झालं तर शून्य, नाही झालं तर एक, असा आकडा हातात घेऊन रूटीन परत येणार. मुख्य प्रोग्राम तो आकडा बघणार आणि स्वतः संपताना तोच डॉसच्या, म्हणजे सगळे प्रोग्राम चालवणाऱ्या मूळ यंत्रणेच्या, हवाली करणार. त्यासाठी शेवटी दोन ओळी लिहाव्या लागतात. त्या ओळी डॉसला सांगतात की मी आता निघालो, आणि हा माझा निरोप.

आता आमच्या कॉलेजच्या लॅब मॅन्युअलकडे वळते, कारण खरा आरोपी तो आहे. त्यातला प्रत्येक प्रोग्राम एकाच ओळीने संपायचा: इंट थ्री. काहून? तर पूर्वी कॉलेजात पीसी नव्हते, किट होते. लोखंडी डबा, त्यावर बटणं आणि लाल आकडे. त्या डब्यावर ही ओळ आली की तो थांबून तुम्हाला रजिस्टरं दाखवायचा. पुढे डबे कपाटात गेले, पीसी आले, आणि ती ओळ मात्र मॅन्युअलमध्ये तशीच राहिली. आम्ही प्रोग्राम कायम डिबगरच्या आत चालवायचो. डिबगर म्हणजे प्रोग्रामवर नजर ठेवणारा दुसरा प्रोग्राम. इंट थ्री दिसलं की तो प्रोग्रामला झेलून धरतो. सगळं छान दिसतं. पण डिबगर काढून घेतला की झेलणारं कोणी उरत नाही. प्रोग्राम शेवटची ओळ ओलांडून पुढच्या रिकाम्या मेमरीत चालत सुटतो आणि कुठेतरी जाऊन अडकतो. पोहायला शिकवायचं आणि कमरेची दोरी कधी सोडायचीच नाही, असा तो प्रकार. दोरी सोडून बघितली ती फक्त रोशनीने. मशीन अडकलं. ती आमच्या मॅडमकडे गेली. मॅडम वाईट नव्हत्या, घाईत होत्या. म्हणाल्या, "मॅन्युअलमध्ये आहे तेच लिही. एक्स्टर्नलला तेच लागतं."

रोशनीने ते लिहिलं नाही.

तर मंगळवार. माझा नंबर सकाळीच लागून गेला होता. मी मॅन्युअल जसंच्या तसं उतरवलं होतं आणि परीक्षकांनी मला एकच प्रश्न विचारला होता, तोही माझ्या आडनावाबद्दल. रोशनीला प्रोग्राम आला यादीत आकडा शोधायचा. मी व्हरांड्यात खिडकीशी उभी होते. परीक्षकांनी मुद्दाम यादीत नसलेला आकडा शोधायला दिला. रोशनीने तो टाकला, प्रोग्राम डिबगरमध्ये चालवला, आणि स्क्रीनच्या मधोमध एक चौकट उघडली: टर्मिनेटेड, एक्झिट कोड एक.

"ये क्या है बेटा?" परीक्षक म्हणाले. नागपुरात प्रेमाने फेल करायचं असलं की हिंदीत बोलतात. "प्रोग्राम तर टर्मिनेट झाला तुझा."

"हो सर. संपला म्हणून टर्मिनेट."

"आणि हा एक? एरर आहे ना ही?"

"नाही सर, आकडा यादीत सापडला नाही म्हणून एक. सापडला असता तर..."

"तेच तर मी म्हणतोय. सापडलं नाही तुला." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "इंट थ्री कुठे आहे?"

"सर, इंट थ्री डिबगरच्या बाहेर..."

"मॅन्युअल पढो बेटा. पुढच्या वेळी ये." आणि त्यांनी पेन चालवलं. निकाल लागायला महिना असतो, आमच्या परीक्षकांनी तो जागेवर लावला. मॅडम बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी रोशनीकडे बघितलं, मग मॅन्युअलकडे बघितलं.

रोशनी बाहेर आली. रडली नाही. जिन्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "रूम गेली माझी."

वसतिगृहाचा नियम होता: एक विषय जरी राहिला तरी पुढच्या सत्रात जागा नाही. आणि जागा नाही म्हणजे गाव. गावाहून सकाळच्या तासाला पोहोचवणारी गाडी नव्हती. तुम्हाला वाटेल, घरचे रागावतील ही तिची धास्ती असेल. उलट होतं. तिचे वडील फार मायाळू माणूस. ते म्हणाले असते, ये वं बाई घरी, झालं तेवढं बस झालं. कोणी एक शब्द बोललं नसतं, गरम भात वाढला असता, आणि शिक्षण तिथेच संपलं असतं. रोशनीला भीती होती ती त्या मायेची.

"आमच्याकडे राह्य," मी म्हणाले.

"तुमच्या घरी गठ्ठा पडला तं डबे हलतात. मी झोपली तं भिंत पडन." ती हसली.

एक वाजता परीक्षकांचं जेवण आलं. प्रॅक्टिकलच्या दिवशी एक्स्टर्नलला जेवू घालायचं ही आमच्याकडची रीत. विभागाचे लोक आठवडाभर आधी ठरवतात, झणझणीत सावजी मटण की साधं. त्या दिवशी सावजी होतं; रश्शाचा वास पार कॅन्टीनपर्यंत आला. एवढं मात्र खरं, की ऐन जेवणाच्या तोंडावरच्या रोल नंबरांची गत वाईट होते आणि सकाळच्यांना किंवा जेवणानंतरच्यांना नाव विचारून सोडतात. आमच्या वर्गात कोणाचं भाग्य कसं, हे आडनावाच्या पहिल्या अक्षरावर ठरायचं. माझ्याकडे तासभर होता. मी जर्नलच्या मागच्या कोऱ्या पानावर माझं आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. शब्द अजून तोंडपाठ आहेत:

"आज एका विद्यार्थिनीला नापास करण्यात आले. तिचा गुन्हा एवढाच की तिचा प्रोग्राम खरे बोलला. यादीत आकडा नव्हता. प्रोग्रामने तसे कळवले आणि तो शिस्तीत बाहेर पडला. परीक्षकांनी त्याला मेलेला समजून पंचनामा केला. हे षडयंत्र आहे. आमची मागणी: सर्वांचे प्रोग्राम डिबगर बंद करून चालवा. मग ठरवा कोणाचा जिवंत आहे."

'आमची मागणी' यातले आम्ही म्हणजे मी एकटी होते. पुढे अनेक पत्रकांत तेवढेच असायचो, त्याचं काही वाटून घेऊ नये.

पहिला विरोध वर्गातूनच आला. आदित्य म्हणून आमचा टॉपर होता, धरमपेठेतला, इस्त्रीचा शर्ट आणि दोन पेनं. त्याने खांद्यावरून पत्रक वाचलं आणि त्याचा चेहराच उतरला. "अबे, तू पागल आहे का? सगळ्यांचे प्रोग्राम बाहेर चालवले तर सगळ्यांचे अडकतील. तिला पास करायला तू अख्खा वर्ग फेल करून राहिली!"

"मग वर्गाचं चूक आहे तर आहे."

"तुझं काय जातं? तू भाषणं ठोकशील. माझे प्लेसमेंटचे फॉर्म आहेत." त्याच्या मागे पाच-सहा जण जमले. कोणी म्हणालं, रोशनीने मॅन्युअलचं लिहिलं असतं तर बोटं झिजली असती का. कोणी म्हणालं, जास्त हुशारी दाखवायची हौस. हे रोशनीसमोर, ती तिथेच पायरीवर बसलेली असताना. आणि मला सांगायलाच हवं की आदित्यचं म्हणणं भित्रं होतं, पण खोटं नव्हतं. सगळे अडकणारच होते.

मी रोशनीकडे बघितलं. तिने माझ्या हातातून कागद घेतला, पूर्ण वाचला, आदित्यकडचं एक पेन मागून घेतलं. त्याने दिलं, का दिलं हे त्यालाही कळलं नसेल. आणि तिने 'हे षडयंत्र आहे' या वाक्यावर आडवी रेघ मारली.

"षडयंत्र गिडयंत्र काही नाही वं हे," ती म्हणाली. "त्याले भूक लागली होती."

मग ती उठली, नोटीस बोर्डावरच्या दोन टाचण्या काढल्या आणि लॅबच्या दारावर कागद स्वतःच्या हाताने लावला. आदित्यला पेन परत देत म्हणाली, "तू फेल नाही होणार. साऱ्या वर्गाले फेल कराची हिंमत कोणात नाही. एकटीले कराची असते." एवढं बोलून ती पुन्हा पायरीवर येऊन बसली. मी नंतर पुष्कळ सभा ऐकल्या, पुष्कळ गाजवल्या. इतकं थोडक्यात कोणी बोललेलं आठवत नाही.

परीक्षक जेवून आले. ओठ लाल, कपाळावर घाम, मन प्रसन्न. दारापाशी थांबून त्यांनी पत्रक वाचलं, आणि चष्मा वर करून परत वाचलं.

"कोणी लिहिलं हे?"

"मी," मी म्हणाले.

"भाषा चांगली आहे तुझी. इंजिनिअरिंगला कशाला आलीस?" मग ते हसले, कारण त्यांना खात्री होती. "चालवा ना मग. डिबगर बंद करा. होऊन जाऊ द्या. चल, तुझ्यापासूनच सुरू करू."

माझ्या मशीनवर माझा प्रोग्राम तसाच होता. मी डिबगर बंद केला, काळ्या स्क्रीनवर प्रोग्रामचं नाव टाइप केलं आणि एंटर दाबलं. कर्सर एकदा लुकलुकला आणि मग लुकलुकेनासा झाला. मी एंटर दाबलं. परत दाबलं. मशीन दगड. "की-बोर्ड खराब असेल," परीक्षक म्हणाले आणि शेजारच्या मशीनकडे गेले. ते आदित्यचं. आदित्यने डोळे मिटून एंटर दाबलं. दगड. तिसरं, दगड. चौथ्यावर तर खिडकीच बंद झाली आणि मागच्या वॉलपेपरवरचा धबधबा दिसायला लागला. रांगेच्या शेवटी पोहोचेपर्यंत लॅबमध्ये असा शुकशुकाट होता की पंख्याची कुरकुर ऐकू यावी, आणि मग मागून कोणीतरी फिसकन हसलं. एकाचं बघून दुसरं. मीही हसले. स्वतःचा प्रोग्राम अडकलेला असताना इतकं मनापासून हसू येतं हे मला माहीत नव्हतं.

रोशनीचं मशीन शेवटी. तिने यादीत नसलेला तोच आकडा टाकला आणि एंटर दाबलं. प्रोग्राम चालला, संपला, आणि डॉस पुढच्या हुकमाची वाट बघत गप्प उभा राहिला. काहीच झालं नाही असं वाटावं इतकं नीट. मग तिने खाली एक ओळ टाइप केली: प्रोग्रामने एक कळवला असेल तर 'नाही' असं छाप. रोमन अक्षरांत 'नाही' उमटलं. तिने यादीत असलेला आकडा टाकून परत सगळं केलं. या वेळी काही उमटलं नाही.

"शून्य आला सर," ती म्हणाली. "सापडला."

परीक्षकांनी खुर्ची ओढली आणि बसले. बराच वेळ त्यांनी तिचा कोड वाचला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी कोणाचा तरी कोड वाचला. बोट ठेवून ठेवून पॉपच्या ओळी बघितल्या, एकच बाहेरचं दार बघितलं. माणूस अडाणी नव्हता. पुढे काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. मग ते मॅडमकडे वळले. "मॅडम, हे असं मॅन्युअल तुमच्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे?"

मॅडम सकाळपासून पहिल्यांदा बोलल्या. "सर, आम्ही ते तुमच्याच कॉलेजकडून घेतलंय."

यानंतर जे झालं ते सांगताना माझा आवाज अजून चढतो, म्हणून सरळ सांगते. वर्गातलं कोणी फेल झालं नाही. आम्हा अडकलेल्यांचे मार्क जसे होते तसे राहिले, चांगले होते. रोशनीला त्यांनी पास केलं. काठावर. पासपुरते, एकही वर नाही, आणि शेरा: प्रोग्राम मॅन्युअलप्रमाणे नाही. साऱ्या लॅबमध्ये एकच प्रोग्राम चालला आणि सगळ्यात कमी मार्क त्यालाच.

मी भांडायला निघाले होते. रोशनीने माझी ओढणी मागून धरली. "रूम राहिली ना वं माझी," ती म्हणाली. "चल, भूक लागली." गेटसमोरच्या गाडीवर आम्ही तर्री पोहे खाल्ले, वर तिखट लाल रस्सा ओतलेले. तिने तर्री दोनदा मागून घेतली. मी उभ्या उभ्या अपील, फेरतपासणी, कुलगुरू असं सगळं बोलत होते. ती म्हणाली, "तू लढ. मी खाऊन घेते तवर." पोहेवाला आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होता.

आज रोशनी नागपुरातच आहे. शहराबाहेरच्या एका कारखान्यात विजेच्या मीटरच्या आतला प्रोग्राम लिहिते. तुमच्या जिन्याखाली भिंतीवर जो डबा गुमान आकडे मोजत असतो, त्याला अडकून चालत नाही. तिथे झेलायला डिबगर बसलेला नसतो. मी काय करते ते तुम्हाला दिसतंच आहे.

गेल्या महिन्यात त्याच कॉलेजात शिकणारी माझी भाची पाचव्या सेमिस्टरला गेली आणि मॅन्युअल घेऊन आली. नवं रंगीत कव्हर, आत कॉलेजचं नवं बोधचिन्ह. मी थेट शेवटची ओळ बघितली. इंट थ्री. मी जागच्या जागी रोशनीला फोन लावला. ती इतकी हसली की फोन लांब धरावा लागला. "अजून? अजून तेच?" मग हसणं थांबलं. म्हणाली, "पोरीले सांगजो, बदलू नको म्हणा. आहे तसं लिही. पह्यले पास होऊ दे."

रोशनी बावणे असं म्हणाली. जिने स्वतःच्या हाताने दारावर कागद लावला होता, ती. काठावरच्या मार्कांचा परिणाम मला त्या दिवशी कळला, इतक्या वर्षांनी. तिचं शिक्षण वाचलं, नोकरी लागली, सगळं ठीक झालं, आणि तरीही पुढच्या पोरीला ती सांगते की गप्प राहा. मी भाचीला तिचा निरोप दिला नाही. देणार नाही.

म्हणून आता तुम्ही. हे वाचणाऱ्यांत कोणी विद्यार्थी असाल तर आज तुमचं मॅन्युअल उघडा, कुठलाही एक प्रोग्राम घ्या, डिबगर बंद करून चालवा. अडकला तर ती ओळ खोडा, तिथे नीट बाहेर पडायच्या दोन ओळी लिहा आणि बाईंची किंवा सरांची त्यावर सही घ्या. एकटे जाऊ नका, वर्ग घेऊन जा. शिकवत असाल तर पुढच्या छपाईच्या आधी ते पान बदला; कोणाकडून घेतलंय ते सांगत बसू नका. आणि परीक्षक म्हणून कुठे गेलात, समोरच्या पोरीच्या स्क्रीनवर 'एक' आला, तर तिला विचारा, एक काहून आला. ती सांगेल. तिचं सांगून होईपर्यंत पेन खाली ठेवा.